अरबी भाषेतील जनमाध्यमे : इतिहास, सामाजिक प्रभाव आणि मराठवाड्याचा अनुभव

प्रस्तावना

सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यातील निजामकालीन दप्तरांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. या कामात उर्दू आणि मोडी वाचू शकणाऱ्या जाणकारांची गरज भासली. परभणी–जिंतूर रस्त्यावरील बोरीसारख्या गावात आज पन्नाशीत असलेल्या शेतकऱ्याच्या आजोबांची नोंद ज्या लिपीत झाली, ती लिपी त्याला, त्याच्या मुलांना आणि बहुधा गावच्या तलाठ्यालाही वाचता येत नाही. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. या संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चरणात फारसीची जागा उर्दूने घेतली आणि राज्यकारभार, न्यायालये व वरच्या वर्गांचे शिक्षण अरबी मुळाक्षरांवर उभ्या असलेल्या त्या लिपीत चालू लागले. त्याच वेळी संस्थानातील साधारण चौथा हिस्सा प्रजा मराठी बोलत होती, तेलुगू भाषकांची संख्या तर निम्म्याच्या जवळपास होती.

अरबी भाषेतील जनमाध्यमांचा विचार मराठवाड्यातील अभ्यासकाला म्हणूनच परका वाटण्याचे कारण नाही. निजामाच्या फौजेत हद्रमौतहून आलेले अरब शिपाई होते. त्यांचे वंशज 'चाऊस' या आडनावाने आजही मराठवाड्याच्या गावांतून राहतात. हैदराबादेत १८८८ मध्ये स्थापन झालेल्या 'दाइरतुल मआरिफ' या संस्थेने दुर्मिळ अरबी ग्रंथ छापून ते अरब जगतातील विद्वानांपर्यंत पोचविले. संस्थानच्या राजपत्राचे नाव 'जरीदा-ए-ऐलामिया' असे होते आणि 'जरीदा' हा अरबीत वृत्तपत्रासाठी रूढ असलेला शब्द आहे. मराठी पत्रसृष्टीचा शब्दसंग्रह पाहिला तरी हे नाते ध्यानात येते. मजकूर, मसुदा, मुलाखत, सदर, खुलासा, तारीख, जाहिरात हे सारे शब्द फारसीच्या वाटेने आलेले अरबी शब्द आहेत. जो संपादक आपले मराठी अगदी शुद्ध असल्याचे सांगतो, त्याच्याही अंकाचा निम्मा कारभार या शब्दांवाचून चालत नाही.

प्रस्तुत लेखात अरबी मुद्रण, नभोवाणी आणि उपग्रह वाहिन्या यांच्या इतिहासाचा विचार एका विशिष्ट अंगाने केला आहे. अरबी ही कोणत्याही एका राज्याच्या हद्दीत न मावणारी भाषा आहे. ज्या भाषेचा विस्तार सत्तेच्या सीमेपेक्षा मोठा असतो, तिच्यातील माध्यमांवर त्या सत्तेचा ताबा पुरता बसत नाही. राजधानीत बंद केलेले पत्र दुसऱ्या गावी छापले जाऊन परत येते. हैदराबाद संस्थानातील मराठीची स्थिती या दृष्टीने अरबीशी जुळणारी होती, आणि हे साम्य अद्याप पुरेसे विचारात घेतले गेलेले नाही.

मुद्रण आणि नवी गद्यभाषा

अरबी लिपीतील मुद्रण उशिरा रुजले. याची कारणे केवळ धार्मिक होती असे समजणे बरोबर ठरणार नाही. हस्तलिखिते उतरवून घेणाऱ्या लेखनिकांचा मोठा वर्ग होता, सुलेखनाला कलेचा मान होता आणि तांत्रिक अडचणही लहान नव्हती. अरबी अक्षर शब्दाच्या आरंभी, मध्ये, शेवटी आणि सुटे असताना वेगवेगळे रूप घेते. त्यामुळे जुळाऱ्यापुढे शेकडो खिळ्यांचा पसारा मांडावा लागे. देवनागरीतील जोडाक्षरांनी मराठी मुद्रकांना जसे छळले, तशीच ही गोष्ट होती. अरबीने नस्ख वळणाचे खिळे पाडून हा प्रश्न सोडविला. उर्दूने मात्र नस्तालीक वळणाचा आग्रह सोडला नाही, म्हणून उर्दू वृत्तपत्रे विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कातिबाच्या हाताने लिहून शिळाछापावर वा पुढे ऑफसेटवर निघत राहिली. एकाच मुळाच्या दोन लिपी, पण खिळ्याच्या एका निर्णयाने त्यांची पत्रसृष्टी वेगळ्या वाटांनी गेली.

१७९८ मध्ये नेपोलियनने इजिप्तवर स्वारी केली तेव्हा त्याने सोबत अरबी खिळ्यांसह छापखाना नेला होता. त्याचे पहिले काम जाहीरनामे छापण्याचे होते. पुढे मुहंमद अली पाशाने कैरोजवळ बुलाक येथे सरकारी मुद्रणालय उभारले आणि ३ डिसेंबर १८२८ रोजी 'अल्-वकाए अल्-मिस्रिया' हे पत्र तेथून निघू लागले. ते तुर्की आणि अरबी अशा दोन भाषांत असे. राज्यकर्त्याची भाषा तुर्की आणि रयतेची अरबी, असा तो जोड होता. त्याचा वाचकवर्ग प्रामुख्याने अधिकाऱ्यांचा होता. म्हणजे अरबी पत्रकारितेचा आरंभ सरकारी राजपत्रातून झाला.

खासगी पत्रसृष्टीची पहाट बैरूतमध्ये झाली. खलील अल्-खूरी यांचे 'हदीकत अल्-अखबार' १८५८ मध्ये निघाले. १८६० मध्ये लेबनॉन आणि दमास्कसमध्ये भीषण जातीय कत्तली झाल्या, तेव्हा बुत्रुस अल्-बुस्तानी यांनी 'नफीर सूरिया' नावाची पत्रके काढून सर्व पंथांच्या लोकांना 'देशबांधव' म्हणून हाक दिली. पंथाच्या नव्हे तर भूमीच्या नात्याने वाचकाला संबोधणे ही त्या काळी नवी गोष्ट होती. सलीम आणि बिशारा तकला या बंधूंनी अलेक्झांड्रियात स्थापन केलेल्या 'अल्-अहराम'चा पहिला अंक ऑगस्ट १८७६ मध्ये निघाला आणि ते पत्र आजही निघते. त्याच वर्षी बैरूतमध्ये सुरू झालेले 'अल्-मुक्ततफ' हे विज्ञानविषयक मासिक पुढे कैरोला गेले. जुर्जी झैदान यांचे 'अल्-हिलाल' १८९२ चे, आणि त्याच वर्षी हिंद नौफल यांनी अलेक्झांड्रियात 'अल्-फतात' हे स्त्रियांसाठी स्त्रीने चालविलेले अरबी मासिक काढले.

या पत्रांचा सर्वांत टिकाऊ परिणाम भाषेवर झाला. अरबीत ग्रंथांची आणि धर्माची भाषा एक, तर घराची आणि बाजाराची भाषा दुसरी. कैरोचा माणूस जे बोलतो ते बगदादच्या माणसाला सहज कळतेच असे नाही. वृत्तपत्रांनी यमक-अनुप्रासांनी जडावलेले जुने गद्य बाजूला सारले आणि व्याकरणाने ग्रंथभाषेशी नाते राखणारी, पण आगगाडी, तारायंत्र, संसद, अंदाजपत्रक यांविषयी बोलू शकणारी नवी भाषा घडविली. नव्या शब्दांची टांकसाळ संपादकांच्या टेबलावर होती. वृत्तपत्रासाठी 'जरीदा' हा शब्द अहमद फारिस अश्-शिद्याक यांनी रूढ केला असे मानले जाते. मोरोक्कोपासून इराकपर्यंत आज जी प्रमाण अरबी वाचली जाते ती फार मोठ्या अंशी या संपादकांची निर्मिती आहे. मराठीत बाळशास्त्री जांभेकरांपासून टिळक-आगरकरांपर्यंतच्या संपादकांनी केलेल्या कार्याशी याची तुलना करता येईल. फरक इतकाच की, मराठीच्या संपादकांना प्रमाण आणि बोली यांतील इतकी रुंद दरी ओलांडावी लागली नाही.

सीमेपलीकडून येणारे पत्र

शिद्याक यांचे 'अल्-जवाइब' हे पत्र १८६१ पासून इस्तंबूलहून निघत होते. मूळचे लेबनॉनचे, माल्टा व लंडन येथे राहिलेले हे संपादक तुर्की राजधानीत बसून अरबी वाचकांसाठी लिहीत, आणि त्यांचे वाचक भारतातही होते. अरबी पत्राचे कार्यालय आणि त्याचा वाचक एकाच राज्यात असला पाहिजे असा नियमच राहिला नाही. सत्ताधाऱ्यांशी बिघडताच संपादक गाशा गुंडाळीत आणि दुसरीकडे मांडीत.

याचे सर्वांत रंजक उदाहरण याकूब सनूअ यांचे आहे. १८७७–७८ मध्ये त्यांनी कैरोत 'अबू नद्दारा', म्हणजे 'चष्मेवाला', हे विनोदी पत्र काढले. ते इजिप्तच्या बोलीत असे. त्यात खेदिव इस्माईलच्या उधळपट्टीची टर उडविलेली असे. खेदिवाने त्यांना देशाबाहेर घालविले. सनूअ पॅरिसला गेले आणि तेथून पत्र छापून इजिप्तमध्ये पाठवू लागले. एका नावावर बंदी आली की ते दुसरे नाव घेत. 'अबू सफ्फारा' म्हणजे शिट्टीवाला, 'अबू जम्मारा' म्हणजे पिपाणीवाला, अशी नावे बदलत गेली आणि अंक चोरवाटांनी पोचत राहिले. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी व्यंगचित्रे होती, आणि बोलीत लिहिल्यामुळे एकाने वाचले तरी दहा जणांना ऐकून समजत असे. अरबी पत्राचा खप छापलेल्या प्रतींवरून मोजता येत नाही, कारण कहवाखान्यात एक प्रत मोठ्याने वाचली जाई.

जमालुद्दीन अफगाणी यांचे प्रकरण तर थेट हैदराबादपाशी येते. १८७९ मध्ये इजिप्तमधून हद्दपार झाल्यावर ते भारतात आले आणि काही काळ हैदराबादेत राहिले. भौतिकवाद्यांच्या खंडनाचा आपला प्रसिद्ध निबंध त्यांनी १८८१ मध्ये तेथेच फारसीत लिहिला. पुढे १८८४ मध्ये पॅरिसहून त्यांनी आणि मुहंमद अब्दुह यांनी 'अल्-उर्वा अल्-वुस्का' हे अरबी पत्र काढले. त्याचे फक्त अठरा अंक निघाले. ब्रिटिशांनी इजिप्त आणि भारत या दोन्ही देशांत त्याचा प्रवेश रोखला. केवळ अठरा अंक निघालेल्या पत्राची एवढी दखल एका साम्राज्याला घ्यावी लागली, यातच त्याचे सामर्थ्य दिसते.

आता हैदराबाद संस्थानाकडे वळता येईल. १९२९ मध्ये निजाम सरकारने 'गश्ती निशान ५३' काढून सभा-संमेलनांवर कडक निर्बंध लादले. १९३७ मध्ये तत्कालीन परभणी जिल्ह्यातील परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, ते या निर्बंधांच्या छायेत. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' साप्ताहिक सुरू केले. ते संस्थानच्या हद्दीबाहेर, ब्रिटिश मुलखात छापले जाई. संस्थानात बंदी आली की ते निराळ्या नावाने निघे आणि वाचकांपर्यंत पोचे. पॅरिसच्या चष्मेवाल्याने साठ वर्षांपूर्वी केले तेच हे होते. दोघांनी एकमेकांचे नावही ऐकले असण्याची शक्यता नाही. साम्य अनुकरणातून आलेले नाही, ते परिस्थितीतून आलेले आहे. राजाच्या हद्दीत जी भाषा दाबता येते ती हद्दीपलीकडे मोकळी असेल, तर छापखाना फक्त नदी ओलांडतो. तेलंगणातील तेलुगूला मद्रास प्रांताचा आणि कानडीला मुंबई व म्हैसूरचा असाच आधार होता. उर्दूचा प्रश्न मात्र वेगळा होता.

उर्दू म्हणजे निजामाची बाजू आणि मराठी म्हणजे प्रजेची बाजू, असे समीकरण मराठवाड्यात अनेकदा मांडले जाते. ते वस्तुस्थितीला धरून नाही. मंदुमुल नरसिंग राव यांचे 'रय्यत' हे उर्दू पत्र होते आणि त्यावर निजाम सरकारचा रोष झाला. काझी अब्दुल गफ्फार यांचे 'पयाम' हेही उर्दूच, आणि पुरोगामी विचारांचे. 'रहबर-ए-दक्कन' सारखी संस्थानी सत्तेला अनुकूल पत्रे होती हे खरे. पण संस्थानातील चार भाषकांना जोडणारी, शिकलेल्या तेलुगू, मराठी, कानडी माणसाला वाचता येणारी एकच भाषा उर्दू होती, कारण शाळा आणि १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ यांचे माध्यम ती होती. संस्थानभर पोचायचे असेल तर विरोधकालाही सत्तेची लिपी हाती घ्यावी लागे. सनूअ यांना इजिप्तच्या बोलीने जे मिळवून दिले, ते येथे नेमके उलट्या मार्गाने, राजभाषेतून मिळवावे लागले.

ध्वनीचे युग

छापील शब्दाला अक्षरओळखीची अट असते. नभोवाणीने ती काढून टाकली. अरबी जगात तिचा परिणाम कोणत्याही वृत्तपत्रापेक्षा खोल झाला, म्हणून येथे थोडे थांबणे अगत्याचे आहे.

इजिप्तची अधिकृत नभोवाणी ३१ मे १९३४ रोजी सुरू झाली. त्याच वर्षी मुसोलिनीच्या इटलीने बारी येथून अरबी प्रसारण सुरू केले आणि कहवाखान्यांतून ब्रिटिशांविरुद्धचा प्रचार ऐकू येऊ लागला. उत्तरादाखल ३ जानेवारी १९३८ रोजी बीबीसीची अरबी सेवा सुरू झाली. इंग्रजीखेरीज अन्य भाषेतील बीबीसीची ती पहिलीच सेवा होती. पहिल्याच दिवशीच्या बातम्यांत पॅलेस्टाइनमध्ये ब्रिटिशांनी एका अरबाला फाशी दिल्याचे वृत्त होते, आणि त्यावरून लंडनच्या अधिकाऱ्यांत वाद झाला. आपल्याच सरकारला अडचणीची बातमी सांगावी की नाही, हा तो वाद होता. श्रोत्यांनी पुढील कित्येक दशके त्या सेवेवर जो विश्वास ठेवला त्याचे एक कारण या पहिल्या दिवसात शोधता येते. युद्धकाळात बर्लिनहून यूनुस बहरी यांचा आवाज येत असे. अरबी श्रोता अशा रीतीने एकाच वेळी तीन-चार परकीय राजधान्यांचे लक्ष्य बनला. सीमेत न मावणाऱ्या भाषेचा हा दुसरा, कमी सुखद पैलू होय. बाहेरून स्वातंत्र्याचे पत्र येते, तसा बाहेरच्याचा प्रचारही येतो.

४ जुलै १९५३ रोजी कैरोहून 'सौत अल्-अरब', म्हणजे 'अरबांचा आवाज', सुरू झाला. आरंभी तो अर्ध्या तासाचा कार्यक्रम होता आणि अल्पावधीत तो बहुतेक दिवसभर चालणारे स्वतंत्र केंद्र झाला. अहमद सईद यांचे आवेशपूर्ण निवेदन, नासर यांची भाषणे, कुराणपठण आणि गाणी असे त्याचे स्वरूप होते. उम्म कुलसूम यांच्या दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारच्या मैफिलीसाठी अरब शहरांतील रस्ते ओस पडत, अशा आठवणी सर्व देशांतून सांगितल्या जातात. गाण्यासाठी लावलेला संच नंतर राजकारणही ऐकवीत असे. १९५५ मध्ये जॉर्डनने बगदाद करारात सामील होऊ नये म्हणून जी निदर्शने झाली, त्यांत या प्रसारणाचा वाटा मोठा होता. एका देशाच्या मंत्रिमंडळाला दुसऱ्या देशातील निवेदकाची धास्ती वाटावी, हे अरबीतच शक्य होते.

अल्जीरियाचे उदाहरण फ्रान्झ फॅनन यांनी १९५९ मध्ये सविस्तर मांडले. ते तेथे मनोविकारतज्ज्ञ होते आणि नंतर मुक्तिलढ्यात सामील झाले. फ्रेंच वसाहतीतील अरब कुटुंबे आधी रेडिओ घेत नसत. तो वसाहतवाल्यांचा आवाज होता आणि घरात वडीलधाऱ्यांसमोर ऐकण्यासारखा नव्हता. १९५६ च्या अखेरीस लढणाऱ्या अल्जीरियाचा आवाज वायुलहरींवर येणार अशी पत्रके वाटली गेली आणि तीन आठवड्यांच्या आत बाजारातील संच संपले. फ्रेंचांनी संच आणि बॅटऱ्यांच्या विक्रीवर निर्बंध घातले, ध्वनिलहरींत खरखर मिसळली. मग घरातला एक जण संचाला कान लावून बसे आणि ऐकू आलेले तुकडे इतरांना सांगे. जे ऐकू आले नाही ते ऐकणारे स्वतः पूर्ण करीत. फॅनन यांच्या मते प्रसारणाचा खरा आशय त्या खरखरीत होता, कारण फ्रेंच ज्याला इतके दाबतात ते खरेच असले पाहिजे असे श्रोत्याला वाटे. हा विचार आकर्षक आहे, तथापि त्यात धोकाही आहे. ऐकणारा आपल्या इच्छेने वाक्य पूर्ण करीत असेल, तर खोटे सांगणाऱ्याचेही काम सोपे होते.

तो धोका जून १९६७ मध्ये प्रत्यक्षात उतरला. ५ जूनच्या सकाळी इस्रायलने इजिप्तचे बहुतांश हवाई दल काही तासांत जमिनीवरच नष्ट केले. त्या दिवशी 'सौत अल्-अरब' शत्रूची डझनावारी विमाने पाडल्याचे सांगत होता. बगदाद, दमास्कस, सना येथील श्रोते रस्त्यांवर येऊन आनंद साजरा करीत होते. ९ जूनच्या संध्याकाळी नासर यांनी स्वतः पराभव मान्य करून राजीनाम्याची घोषणा केली. जनतेने नासर यांना परत बोलावले, परंतु निवेदकाला क्षमा केली नाही. अहमद सईद यांना काही महिन्यांतच केंद्र सोडावे लागले आणि 'सौत अल्-अरब'ला पूर्वीचे स्थान पुन्हा कधी मिळाले नाही. लंडन आणि पुढे माँटे कार्लो येथील अरबी प्रसारणांकडे श्रोते वळले, ते तेथील राजकारण पटले म्हणून नव्हे, तर बातमी पडताळून घेण्याची सवय लागली म्हणून.

हैदराबाद संस्थानाचाही स्वतःचा रेडिओ होता. हैदराबादेत एका खासगी हौशी केंद्रापासून आरंभ झालेला हा उपक्रम ३ फेब्रुवारी १९३५ रोजी निजाम सरकारने ताब्यात घेतला आणि 'डेक्कन रेडिओ' अस्तित्वात आला. पुढे औरंगाबाद येथेही केंद्र निघाले. १९४७ मध्ये भारतातील संस्थानांची जी मोजकी पाच नभोवाणी केंद्रे होती त्यांत हैदराबाद आणि औरंगाबाद ही दोन होती. म्हणजे आवाज पोचविण्याच्या बाबतीत निजामाची सत्ता इतर बहुतेक संस्थानांच्या पुढे होती. प्रमुख भाषा उर्दू, आणि तेलुगू, मराठी, कानडीला त्यामानाने गौण स्थान. परभणी जिल्ह्यातल्या खेड्यात संच विरळाच असणार. तो ज्याच्या घरी असे तो बहुधा वतनदार, अधिकारी किंवा व्यापारी. तरीही दिल्ली आणि मुंबईचे आकाशवाणी केंद्र त्याच संचावर लागत असे, आणि येथेही सीमा वायुलहरींना अडवू शकत नव्हती.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबादने शस्त्रे खाली ठेवली. २३ सप्टेंबरला निजाम मीर उस्मान अली खान यांनी रेडिओवरून भाषण केले. नोव्हेंबर १९४७ पासून एका लहानशा निमलष्करी गटाने आपल्याला निष्प्रभ करून सत्ता हाती घेतली होती, असे त्यांनी त्यात सांगितले. सदतीस वर्षे राज्य केलेला, फर्मानांतून बोलणारा राजा प्रजेला थेट आवाजाने सामोरा गेला, तो राज्य गेल्यानंतर. १ एप्रिल १९५० रोजी डेक्कन रेडिओ आकाशवाणीत विलीन झाला.

उपग्रहानंतर

दूरचित्रवाणी अरब देशांत प्रथम आली ती राष्ट्रीय आणि सरकारी रूपात. नभोवाणी सीमा ओलांडीत होती, दूरचित्रवाणीचा मनोरा मात्र राजधानीच्या आसपास पोचे, त्यामुळे सत्तांना ती सोयीची वाटली. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळले तेव्हा सौदी माध्यमांनी ही बातमी सुमारे तीन दिवस दिलीच नाही. शेजारचे राष्ट्र नकाशावरून नाहीसे झाले होते आणि लोकांना ते परदेशी प्रसारणांतून कळत होते. या लाजिरवाण्या अनुभवाने अरब भांडवलदारांना उपग्रह वाहिन्यांकडे वळविले. १९९१ मध्ये एमबीसी ही वाहिनी लंडनहून सुरू झाली. पुन्हा एकदा अरबी माध्यमाचे कार्यालय अरब भूमीबाहेर होते.

१ नोव्हेंबर १९९६ रोजी कतारच्या अमीरांच्या अनुदानावर 'अल्-जझीरा' सुरू झाली. त्याच वर्षी बीबीसीची अरबी दूरचित्रवाणी सौदी भागीदाराशी मतभेद होऊन बंद पडली होती आणि तिच्यातील अनेक प्रशिक्षित पत्रकार दोह्याला गेले. विरोधी पक्षांचे हद्दपार नेते, इस्लामवादी, निधर्मी, इस्रायली अधिकारी अशा सर्वांना अरबी पडद्यावर आणून समोरासमोर बसविण्याची तिची पद्धत नवी होती. 'अल्-इत्तिजाह अल्-मुआकिस' या कार्यक्रमातील वादंगामुळे निरनिराळ्या अरब सरकारांनी कतारकडे तक्रारी केल्या, काहींनी राजदूत परत बोलावले. वाहिनीची निवेदनाची भाषा वृत्तपत्रांनी घडविलेली तीच प्रमाण अरबी होती. एकोणिसाव्या शतकातील संपादकांचे श्रम पडद्यावर असे उपयोगी पडले.

या वाहिनीविषयी भाबडेपणा मात्र नको. कतारच्या अंतर्गत कारभाराबाबत ती सौम्य राहिली, आणि २०११ मध्ये ट्युनिशिया व इजिप्तच्या चौकांना तिने जितका वेळ दिला तितका शेजारच्या बहरीनला दिला नाही. २००३ मध्ये सौदी भांडवलावर 'अल्-अरबिया' निघाली ती या प्रभावाला उत्तर म्हणूनच. जून २०१७ मध्ये सौदी अरेबिया, अमिराती, बहरीन आणि इजिप्त यांनी कतारची नाकेबंदी करून तेरा मागण्या केल्या, त्यांत अल्-जझीरा बंद करण्याची मागणी होती. जानेवारी २०२१ मध्ये नाकेबंदी उठली, वाहिनी चालू राहिली.

सामाजिक प्रभाव केवळ बातम्यांचा नसतो. २००८ मध्ये एमबीसीने 'नूर' ही तुर्की मालिका सीरियन बोलीत ध्वनिमुद्रित करून दाखविली. पत्नीशी समानतेने, हळुवारपणे वागणारा तिचा नायक घराघरांत चर्चेचा विषय झाला. सौदी अरेबियाच्या प्रमुख मुफ्तींनी तिचा निषेध केला, तरी प्रेक्षक कमी झाले नाहीत. राजकीय चर्चेसाठी प्रमाण भाषा आणि घरगुती भावनांसाठी बोली, ही वाटणी येथे स्पष्ट दिसते. ज्या दरीने वृत्तपत्रांना त्रास दिला, तिचाच उपयोग मनोरंजनाने करून घेतला.

लिहिणारा हात

सीमेबाहेरून छापणे ही अरबी संपादकांची जुनी युक्ती होती. परंतु ज्यांनी सीमेच्या आत राहून लिहिले, किंवा परत आले, त्यांनी काय किंमत दिली हे सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. यातही हैदराबादचे पान अरबी पानाला येऊन चिकटते.

शोएबुल्ला खान यांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये हैदराबादेत 'इमरोज' हे उर्दू दैनिक सुरू केले. संस्थान भारतात विलीन व्हावे आणि रझाकारांना आवर घालावा, अशी त्यांची भूमिका होती. ती त्यांनी मराठीत किंवा तेलुगूत, सीमेपलीकडून मांडली नाही, तर राजधानीत बसून राजभाषेत मांडली. २१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री कार्यालयातून घरी परतताना त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि लिहिणारा हात तोडण्यात आला. त्यांचे वय अठ्ठावीसच्या आसपास होते. संस्थानच्या शरणागतीला तेव्हा चार आठवडेही उरले नव्हते.

सलीम अल्-लौझी हे लेबनॉनमधील 'अल्-हवादिस' साप्ताहिकाचे संपादक होते. सीरियाच्या राजवटीवर ते टीका करीत. यादवी युद्धात धोका वाढल्यावर त्यांनी साप्ताहिक लंडनला नेले आणि ते तेथून निघू लागले. फेब्रुवारी १९८० मध्ये ते बैरूतला आले असता त्यांचे अपहरण झाले. काही दिवसांनी मृतदेह सापडला, तेव्हा त्यांचा लिहिण्याचा हात आम्लाने जाळलेला होता. हैदराबादच्या मारेकऱ्यांनी आणि बैरूतच्या मारेकऱ्यांनी एकमेकांकडून काही शिकण्याचे कारण नव्हते. दोघांनाही केवळ माणूस मारायचा नव्हता, वाचणाऱ्यांना खूण पोचवायची होती.

जमाल खशोगी यांनी २०१७ मध्ये सौदी अरेबिया सोडली आणि ते अमेरिकेतील 'वॉशिंग्टन पोस्ट'साठी लिहू लागले. त्यांचे काही लेख त्या पत्राने अरबीत भाषांतर करूनही प्रसिद्ध केले, म्हणजे इंग्रजी वृत्तपत्राने अरबी वाचकासाठी अरबी मजकूर दिला. अल्-जवाइबची, अबू नद्दाराची परंपरा येथपर्यंत आली होती. २ ऑक्टोबर २०१८ रोजी विवाहासाठी लागणारी कागदपत्रे घेण्याकरिता ते इस्तंबूल येथील सौदी वकिलातीत गेले आणि तेथेच त्यांची हत्या झाली. त्यांचा अखेरचा लेख १७ ऑक्टोबरला प्रसिद्ध झाला. सरकारांच्या प्रभावापासून मुक्त, अरब राष्ट्रांच्या सीमांपलीकडचे असे एक व्यासपीठ अरबी वाचकांसाठी उभे राहावे, अशी मागणी त्यांनी त्यात केली होती.

२७ जानेवारी २०२३ रोजी बीबीसीचे अरबी नभोवाणी प्रसारण पंच्याऐंशी वर्षांनी बंद झाले. खर्चकपात हे कारण देण्यात आले. त्यातील अखेरची बातमीपत्रे ऐकणाऱ्यांत गावोगावचे वृद्ध होते, ज्यांना इतर साधने हाताळता येत नव्हती. मे २०२४ मध्ये इस्रायलने आपल्या हद्दीत अल्-जझीराची कार्यालये बंद केली. मराठी वृत्तपत्रांतून या घडामोडी जेव्हा येतात तेव्हा त्या इंग्रजी वृत्तसंस्थांच्या मजकुराचा अनुवाद म्हणून येतात. अरबी येणारी माणसे परभणी, जिंतूर, औरंगाबादच्या मदरशांत आहेत, वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत नाहीत, आणि कुणबी नोंदींसाठी २०२३ मध्ये ज्या लिपीचे जाणकार शोधावे लागले, ती लिपी वाचणारे लोक त्याच गल्ल्यांत राहत होते.